व्यसनमुक्तांचे बंधुसंघ : श्रद्धा आणि अश्रद्धा

दारूच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्या माणसाला आपण धर्मगुरू व धर्मशिक्षक अनेकदा ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या सभेचा पत्ता देतो. या बंधुसंघाला त्याचे सभासद संक्षेपाने ‘एए’ किंवा नुसते ‘फेलोशिप’ म्हणतात. पत्ता दिला की आपले कर्तव्य संपले, असे आपल्याला वाटते. परंतु थोड्याच दिवसांत प्रश्न परत येतात. ख्रिस्ती मनुष्य विचारतो, “फादर, तेथे ज्याने त्याने आपापल्या समजुतीप्रमाणे देव मानावा असे सांगतात. हे पाप तर नव्हे?” त्याच्याबरोबर गेलेला बौद्ध शेजारी म्हणतो, “तेथे देवाचे नाव घेतात. मी देव मानीत नाही. मग मी जावे की जाऊ नये?” तिसरा म्हणतो, “प्रार्थनासभेत माझी दारू सुटली. आता त्या सभेचे मला काय काम?”

सुरतेत हे तिन्ही प्रश्न एकाच गल्लीत ऐकू येतात. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेली असंख्य मराठी कुटुंबे आहेत. त्यांत माळकरी आहेत, बौद्ध आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि देवधर्माशी काहीच देणेघेणे न राहिलेलेही आहेत. १९६० साली गुजरात राज्य अस्तित्वात आले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे. परवानाधारक व अलीकडे ‘गिफ्ट सिटी’ला मिळालेली सवलत सोडली, तर दारू पिणे हाच येथे गुन्हा आहे. तरीही दारू मिळते, आणि ती चोरटी असल्यामुळे अधिकच घातक ठरते. अहमदाबादेत २००९ साली विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली. २०२२ साली बोटाद व अहमदाबाद जिल्ह्यांत चाळीसहून अधिक माणसे मेली. जो मनुष्य आज सभेच्या दारातून परत फिरतो, त्याला उद्या पुन्हा दारापर्यंत येता येईलच असे नाही. म्हणूनच वरील प्रश्नांची उत्तरे आपण सावधपणे दिली पाहिजेत.

प्रस्तुत लेखात एवढेच दाखवावयाचे आहे की, फेलोशिपने ईश्वराच्या नावाभोवती जी मोकळी जागा राखली आहे ती कोठून आली, तिचा अर्थ काय, आणि त्या जागेशी आपण कसे वागावे.

१. मोकळी जागा कशी निर्माण झाली

एएचा उगम १९३५ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या शहरी झाला. शेअर बाजारात काम केलेले बिल विल्सन आणि शल्यचिकित्सक डॉ. बॉब स्मिथ हे दोघेही दारूने जेरीस आलेले होते. एका व्यसनाधीन माणसाने दुसऱ्याशी मोकळेपणाने बोलावे, म्हणजे दोघेही त्या दिवसापुरते दारूपासून दूर राहू शकतात, हा त्यांना लागलेला शोध. १० जून १९३५ हा संस्थेचा स्थापनादिन मानला जातो.

या दोघांना आधार मिळाला होता तो ‘ऑक्सफर्ड ग्रूप’ या ख्रिस्ती चळवळीचा. फ्रँक बुकमन या अमेरिकन लुथरन पाळकाने ती उभारली होती. आत्मपरीक्षण, दुसऱ्या माणसापाशी दोषांची कबुली, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई, आणि ईश्वरी मार्गदर्शनासाठी शांत बसणे यांवर तिचा भर असे. हीच चळवळ पुढे ‘मॉरल रिआर्मामेंट’ या नावाने प्रसिद्ध झाली; तिचे भारतातील केंद्र सातारा जिल्ह्यात पाचगणी येथे आहे. एएच्या बारा पायऱ्यांचा सांगाडा याच ख्रिस्ती साधनेतून आलेला आहे, हे आपण विसरू नये. आणि त्याचा गर्वही वाहू नये.

कारण एए पुढे त्या चळवळीपासून अलग झाली. न्यूयॉर्कचा गट १९३७ साली व ओहायोतील गट १९३९ च्या सुमारास बाहेर पडला. त्यामागे एक महत्त्वाचे कारण होते : कॅथलिक सभासदांना प्रॉटेस्टंट वळणाच्या त्या चळवळीत, विशेषतः तेथील जाहीर पापकबुलीत, भाग घेणे अवघड जाई. म्हणजे दार प्रथम रुंद झाले ते नास्तिकांसाठी नव्हे, दुसऱ्या मंडळीच्या ख्रिस्ती माणसांसाठी.

पुढची पायरी १९३८-३९ साली पडली. संस्थेचा मुख्य ग्रंथ तयार होत असता त्याच्या मसुद्यावर वाद झाला. काहींना तो उघडपणे ख्रिस्ती हवा होता; काहींना देवाचे नावच नको होते. ईश्वर न मानणाऱ्यांत जिम बर्वेल हा फिरता विक्रेता आघाडीवर होता. अखेर तडजोड झाली. दुसऱ्या पायरीत ‘आपल्याहून मोठी शक्ती’ असे शब्द आले. तिसऱ्या व अकराव्या पायरीत ईश्वराच्या नावापुढे ‘आपल्याला जसा उमगला तसा’ अशा अर्थाची पुस्ती जोडली गेली. सातव्या पायरीतून गुडघे टेकण्याचा उल्लेख काढला गेला. आजही बारा पायऱ्यांपैकी पाचांत ईश्वराचा व एकीत त्या शक्तीचा उल्लेख आहे. मात्र तो उल्लेख वाचताना प्रत्येकाला आपली जागा सापडावी, अशी सोय शब्दांतच केलेली आहे.

१९४१ साली ग्रंथाच्या दुसऱ्या मुद्रणाला एक परिशिष्ट जोडण्यात आले. एका रात्रीत प्रकाश दिसलाच पाहिजे असे नाही. बहुतेकांचे मन हळूहळूच पालटते, असे त्यात स्पष्ट केले आहे. पुढे १९५० साली क्लीव्हलंडच्या अधिवेशनात बारा परंपरा स्वीकारल्या गेल्या. त्यांतील तिसरी परंपरा सांगते की, सभासदत्वाची अट एकच आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. श्रद्धा ही अट नाही. नीतिमत्ता ही अट नाही. आज दारू प्यालेला नसणे हीदेखील अट नाही. भारतात एए १९५७ साली सुरू झाली, आणि आज मुंबई-पुण्यापासून अनेक गावांत तिच्या मराठी सभा भरतात.

२. आपल्या प्रदेशाचे अनुभव

श्रद्धेच्या बळावर दारू सोडणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांमधून देवीच्या संचाराची एक लाट उठली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती सुरत जिल्ह्यातील आदिवासी तालुक्यांत येऊन पोहोचली. अंगात आलेल्या माणसांच्या मुखातून देवी आज्ञा करी : दारू व ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूचे गुत्ते चालविणाऱ्यांकडे कामाला जाऊ नका. गावेच्या गावे दारूमुक्त झाली. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चळवळीचा सविस्तर वृत्तांत दिला आहे. कालांतराने लाट ओसरली. आज्ञा पाळणारे ‘वरजेला’ आणि पुन्हा पिऊ लागलेले ‘सरजेला’ असे दोन तट गावोगाव पडले. खानदेशच्या बाजूस तळोदे तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकात भिल्ल समाजाला परस्परांना ‘आप’ म्हणून मान देण्याचा व दारू सोडण्याचा उपदेश केला; त्यांचेही हजारो अनुयायी झाले.

वारकऱ्यांची तुळशीची माळ हाही असाच एक मार्ग आहे. माळ गळ्यात घातलेल्या माणसाला कोणी दारूचा आग्रह करीत नाही, आणि आग्रह झाला तरी माळ दाखविली की पुरे होते. माणसाच्या दुर्बळ इच्छेला समाजाने दिलेले ते कुंपण आहे.

परंतु याच मराठी समाजात दारू सोडण्याचा एक मार्ग सृष्टिकर्त्या ईश्वराशिवायही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली व आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. देवदेवतांना न मानण्याच्या प्रतिज्ञा त्यांत आहेत, आणि दारू न पिण्याचीही आहे. ज्या माणसाने आत्मसन्मानासाठी देव नाकारले, त्याला ‘आधी देव मान, मग दारू सुटेल’ असे सांगणे म्हणजे त्याच्या मुक्तीची एक बाजू हिरावून घेऊन दुसरी देऊ करणे होय. त्याच माणसाला ‘शरण’ हा शब्द मात्र परका नाही. बुद्ध, धम्म व संघ या तिघांना तो शरण जातच असतो. फेलोशिपमधील कित्येक सभासद समोर बसलेल्या गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात. बौद्ध सभासदाला संघाच्या कल्पनेतून तेथपर्यंत पोहोचणे कठीण जात नाही.

या साऱ्या अनुभवांतून एक गोष्ट ध्यानात येते. देवीची आज्ञा असो, माळ असो वा प्रतिज्ञा असो, दारू सोडण्याचा क्षण श्रद्धा किंवा निष्ठा देऊ शकते. सोडलेली दारू सुटलेली राहण्यासाठी रोजची सोबत लागते. सोबत तुटली की ‘वरजेला’चा ‘सरजेला’ होतो. आणि मग आज्ञा मोडल्याची लाज एवढी मोठी होते की तो मनुष्य ज्या देवाने त्याला तारले त्याच्याच देवळापासून तोंड लपवितो. प्रार्थनासभेत ‘बरा झालो’ असे साक्षीत सांगितलेल्या ख्रिस्ती माणसाची पुन्हा घसरण झाली, म्हणजे त्याच्यावरही हाच प्रसंग येतो. त्याची दारू परत येते आणि विश्वासही जातो.

३. आजचे तीन दरवाजे

महाराष्ट्रातील व्यसनमुक्तीच्या कार्याकडे पाहिले तर श्रद्धेच्या प्रश्नाची तीन निरनिराळी उत्तरे दिसतात.

मुंबईच्या महाधर्मप्रांतातील धर्मगुरू फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये ‘कृपा फाउंडेशन’ची स्थापना केली. स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले व बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य असलेले फादर परेरा बारा पायऱ्यांच्या जोडीला योगासनांचा उपयोग करतात. २००९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नाव ‘कृपा’, संस्थापक धर्मगुरू, आणि दार सर्व धर्मीयांना उघडे.

पुण्याचे ‘मुक्तांगण’ १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केले. ब्राउन शुगरच्या व्यसनावरील अवचटांचे लेखन वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी आरंभीचे अर्थसाहाय्य दिले. समाजवादी युवक चळवळीशी निगडित असलेले व बुवाबाजीवर परखड लेखन करणारे अवचट काही धार्मिक प्रवर्तक नव्हते. तथापि एएच्या तत्त्वांचा उपयोग त्यांच्या केंद्रानेही केला. तिसरे उदाहरण साताऱ्याच्या ‘परिवर्तन’चे. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचलेले व २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ज्यांची हत्या झाली, त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले.

एक धर्मगुरू, एक चिकित्सक लेखक व त्यांची मनोविकारतज्ज्ञ पत्नी, आणि एक विवेकवादी डॉक्टर. ईश्वराविषयी त्यांची मते जुळली नसती. व्यसनी माणूस दुष्ट किंवा नालायक नसून आजारी आहे आणि तो उभा राहू शकतो, याविषयी मात्र त्यांच्यात मतभेद नव्हता. त्यांच्यापैकी कोणाच्याही दारातून उठून उभा राहिलेला मनुष्य आपल्या मंडळीत परत येईल, तेव्हा तो कोणत्या दारातून आला याची चौकशी करणे आपल्याला शोभणार नाही.

४. फेलोशिप हा धर्म आहे काय?

‘आम्ही आध्यात्मिक आहोत, धार्मिक नाही’ असे फेलोशिपचे सभासद सांगतात. हा दावा सर्वांनी मान्य केलेला नाही, आणि आपणही तो परीक्षेविना मान्य करू नये. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९९६ साली असा निर्णय दिला की, एएच्या कार्यक्रमात धार्मिक आशय असल्यामुळे कैद्यावर त्यात भाग घेण्याची सक्ती करता येणार नाही. अमेरिकेतील इतर वरिष्ठ न्यायालयांनीही पुढे असेच निर्णय दिले. न्यायालयांनी फेलोशिपला दोष दिला नाही. दोष सक्तीला दिला. हा भेद आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. वर्गणी, दवाखान्याची मदत किंवा मुलांची शाळा यांच्या बदल्यात कोणाला सभेस जाण्याची अट घालणे हीदेखील सक्तीच होय.

दुसरा वाद फेलोशिपच्या आतला आहे. १९७५ साली शिकागोत नास्तिक व अज्ञेयवादी सभासदांचा पहिला स्वतंत्र गट सुरू झाला. असे गट वाढले तसा विरोधही झाला. कॅनडातील टोरांटो येथे २०११ साली दोन अज्ञेयवादी गटांची नावे सभांच्या यादीतून काढून टाकण्यात आली, कारण त्यांनी पायऱ्यांतून ईश्वराचा उल्लेख वगळला होता. प्रकरण मानवी हक्कांच्या न्यायाधिकरणापुढे गेले, आणि २०१७ साली तडजोड होऊन अशा गटाचा यादीत पुन्हा समावेश झाला. ज्या संस्थेने एके काळी कॅथलिकांसाठी, मग बर्वेलसारख्यांसाठी दार रुंद केले, तिलाही ते उघडे ठेवण्यासाठी पुनःपुन्हा झगडावे लागते.

आता मुख्य प्रश्न : ईश्वर न मानणाऱ्याला या मार्गाचा उपयोग होतो काय? २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासाने या प्रश्नाचे उत्तर शोधले. सभांना जाणाऱ्या नास्तिक व अज्ञेयवादी रुग्णांना श्रद्धावंतांइतकाच लाभ झाला, असे त्यात आढळले. भेद एकाच ठिकाणी होता : ते सभांना कमी जात, आणि गेले तरी लवकर सोडून देत. २०२० साली ‘कॉक्रन’ या संस्थेने २७ अभ्यास व १०,५६५ रुग्ण यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. एएशी जोडून देणाऱ्या सुनियोजित उपचारांनी सतत दारूमुक्त राहण्याचे प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा अधिक राहते, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा लाभ कसा होतो याचा शोध घेणाऱ्यांनी जुनी संगत सुटून नवी संगत मिळणे याला मोठे स्थान दिले आहे.

ही दोन्ही निरीक्षणे शेजारी ठेवून वाचावीत. अश्रद्ध मनुष्य पायऱ्यांवर घसरत नाही. तो दाराशीच परत फिरतो. आणि त्याला दाराशी परत फिरविणाऱ्या कारणांत आपल्यासारख्यांचा उत्साह हेही एक कारण असू शकते. ‘तुझी ती मोठी शक्ती म्हणजे आमचा प्रभूच’ असे पहिल्याच आठवड्यात सांगणारा धर्मशिक्षक सुवार्ता सांगतो आहे असे त्याला वाटते. ऐकणाऱ्याला मात्र दार लागल्याचा आवाज येतो.

५. ईशज्ञानाच्या दृष्टीने

आपल्यातील काहींची शंका प्रामाणिक आहे. ज्याने त्याने आपल्या समजुतीचा देव करावयाचा म्हणजे मूर्तिपूजेला परवानगीच नव्हे काय? याचा विचार तीन अंगांनी करू.

पहिले, फेलोशिपची पहिली पायरी ईश्वराविषयी काहीच बोलत नाही. ‘दारूपुढे माझे काही चालत नाही, माझे जीवन माझ्या हाताबाहेर गेले आहे’ एवढीच ती कबुली आहे. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने इच्छा व कृती यांतील जी दरी वर्णिली आहे, तिचाच हा अनुभव. या जागी श्रद्धावंत व अश्रद्ध एकाच बाकावर बसलेले असतात. किंबहुना श्रद्धावंताला येथे अधिक अवघड जाते. कारण आपली असहायता मान्य करण्याऐवजी तो आपल्या धार्मिकतेचा पडदा पुढे करू शकतो.

दुसरे, विश्वासाचा विषय आणि विश्वास टाकण्याची कृती यांत ईशज्ञान फार पूर्वीपासून भेद करीत आले आहे. कोणावर विश्वास ठेवला हे एक. विश्वास ठेवणारा हात उघडला काय हे दुसरे. फेलोशिप हात उघडावयास सांगते, आणि हातात काय पडावे याविषयी मौन पाळते. हे मौन पुरेसे नाही, हे आपण निःसंकोच म्हणावे. ख्रिस्ताचा क्रूस, पुनरुत्थान, पापांची क्षमा यांतले काहीही बारा पायऱ्यांत नाही, आणि फेलोशिपही ते आपल्यापाशी असल्याचा दावा करीत नाही. तिला धर्ममत नाही, संस्कार नाहीत, उपासनाविधी नाही. यास्तव ती मंडळीची प्रतिस्पर्धी नाही. जेवढे ती देते तेवढे देण्यातच तिचा प्रामाणिकपणा आहे.

तिसरे, पहिल्या आज्ञेची दोन अंगे आहेत : परमेश्वराला ओळखणे, आणि जे परमेश्वर नाही त्याला त्या जागेवरून उठविणे. व्यसनी माणसाच्या जीवनात त्या जागी बाटली बसलेली असते, आणि बाटलीच्या मागे ‘मी माझा मालक’ हा हट्ट. ‘मी देव नाही’ एवढे जो मनुष्य मनापासून म्हणतो, त्याने एक मूर्ती फोडली आहे. त्याने अद्याप प्रभूला ओळखले असे नाही. परंतु रिकामी झालेली ती जागा सामान्य नव्हे. अथेन्समध्ये अज्ञात देवाची वेदी पाहून पौलाने ती उपटून टाकली नाही. तो तेथूनच बोलू लागला, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात आपण वाचतो.

येथे एका मोहाचा उल्लेख केला पाहिजे. विसाव्या शतकातील जर्मन ईशज्ञानी कार्ल रानर यांनी ‘अनामिक ख्रिस्ती’ ही कल्पना मांडली. ‘अनामिक मद्यपीं’ना तोच शिक्का मारून मोकळे होण्याचा मोह आपल्याला होईल. परंतु जो बौद्ध आहे तो बौद्ध म्हणून, आणि जो नास्तिक आहे तो नास्तिक म्हणून तेथे बसला आहे. त्याच्यावर न मागितलेले नाव लादणे हा त्याचा अवमान होईल. आणि आपल्या श्रद्धेलाही त्याने काही लाभ होत नाही. कृपा आपल्या कुंपणाबाहेर कार्य करते हे मानावयास त्या बाहेरच्या माणसाला कुंपणात ओढण्याची आवश्यकता नाही.

६. आपले काम

आता व्यवहाराकडे वळू. पहिली गोष्ट वैद्यकीय आहे. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबविली तर कंप, भ्रम व झटके येऊन प्राणावर बेतू शकते. अशा माणसाला उपास व रात्रभरच्या प्रार्थनेस बसविण्यापूर्वी डॉक्टरकडे नेणे हे धर्मशिक्षकाचे कर्तव्य आहे. डॉक्टरकडे जाणे म्हणजे अविश्वास, ही समजूत आपण व्यासपीठावरून दूर केली पाहिजे.

दुसरी गोष्ट नाव गुप्त राखण्याची. जेथे पिणे हाच गुन्हा आहे तेथे ‘मी दारुडा आहे’ ही कबुली लाजेपुरतीच नव्हे तर कायद्यापुरतीही जोखमीची असते. म्हणून कोण सभेस जातो हे आपण कोणास सांगू नये. आणि सुधारलेल्या माणसाला रविवारी उभा करून त्याची साक्ष घेण्याची घाई करू नये. पुढे त्याचा पाय घसरला, तर त्याच उंचीवरून तो खाली येईल.

तिसरी गोष्ट सभागृहाची. चर्चची खोली सभेसाठी दिली तर ती भाड्याने द्यावी, भाडे माफक असले तरी घ्यावे. स्वतःचा खर्च स्वतः उचलणे ही फेलोशिपची परंपरा आहे. सभेत धर्मगुरूने निमंत्रणाशिवाय बसू नये, आणि दाराशी पत्रके ठेवू नयेत.

चौथी गोष्ट पाचव्या पायरीची. या पायरीत सभासद आपल्या दोषांचा पाढा दुसऱ्या एका माणसापुढे वाचतो, आणि त्यासाठी कित्येकदा धर्मगुरूची निवड करतो. तो ख्रिस्ती नसला, तर हा पापनिवेदनाचा संस्कार नव्हे हे त्यास प्रारंभीच स्पष्ट सांगावे. मग शांतपणे ऐकावे, गुप्तता राखावी, उपदेश टाळावा. तो ख्रिस्ती असला, तर संस्काराचे दारही उघडे आहे एवढे सुचवावे. बरे होत असलेल्या श्रद्धावंताला प्रभुभोजनात द्राक्षारसाविना केवळ भाकरी घ्यावयाची असेल, तर त्याला कारण विचारू नये.

पाचवी गोष्ट घरच्यांची. व्यसनी माणसाची पत्नी आपल्यापाशी ‘मी प्रार्थनेत कमी पडले काय?’ असे विचारीत येते. तिला दोषी ठरविणारा एकही शब्द आपल्या तोंडून जाऊ नये. कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ हा स्वतंत्र बंधुसंघ १९५१ पासून आहे. मुक्तांगणानेही पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालविला आहे. तिलाही अशी सोबत मिळाली पाहिजे, मग नवऱ्याची दारू सुटो वा न सुटो.

आरंभीच्या तीन प्रश्नांची उत्तरे आता देता येतील. ख्रिस्ती माणसाला सांगावे, ‘तू तुझ्या प्रभूला घेऊनच आत जा, शेजाऱ्याच्या शब्दांची चिंता करू नकोस.’ बौद्ध किंवा नास्तिक माणसाला सांगावे, ‘तुला देव मानण्याची अट तेथे नाही, दारू सोडण्याची इच्छा पुरे आहे. एखादी सभा तुला फार धार्मिक वाटली, तर दुसरी शोध, पण थांबू नकोस.’ प्रार्थनेने दारू सुटली असे म्हणणाऱ्याला सांगावे, ‘देवाचे आभार मान, आणि उद्याही दारूपासून दूर राहण्यासाठी माणसांत जा.’ योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजराला कबरेतून प्रभूने हाक मारली. परंतु त्याच्या अंगावरील गुंडाळ्या सोडण्याचे काम त्याने भोवती उभ्या असलेल्यांना दिले.

यास्तव प्रत्येक धर्मशिक्षकाच्या वहीत चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात : जवळच्या सभेचा वार, वेळ व जागा, दारू सोडविण्याचा अनुभव असलेल्या डॉक्टरचे नाव, कुटुंबीयांच्या सभेचा पत्ता, आणि पहिल्या दिवशी दारापर्यंत बरोबर जाण्यास तयार असलेल्या एका माणसाचे नाव.